विकणारा आणि विकला गेलेला

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-२०, लेवीय २५:१४-१७, मार्क १०:१७-२२



भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. इतर लोक अध्याय वाचतात. तो क्रियापदे मोजतो. घरची मंडळी त्याला हसतात, आणि ते हसणे योग्यच असते. परंतु कधीकधी ही खोडच माणसाला अशा जागी नेऊन उभी करते, की जेथून त्याला मागे फिरता येत नाही. मजवर असा प्रसंग २०२३ च्या फेब्रुवारीत दिल्ली येथे आला. त्याविषयी लिहिण्यास मला इतका काळ लागला, कारण त्यात माझी बाजू फारशी शोभादायक नाही.

शास्त्रभाषांतराच्या एका बैठकीसाठी मी दिल्लीस गेलो होतो. आमचे काम राजांच्या पहिल्या पुस्तकावर चालले होते. शनिवारी दुपारी बैठक लवकर संपली आणि मी एका वडीलधाऱ्या बंधूंना भेटावयास निघालो. ते मूळचे नगर जिल्ह्यातले. उभी हयात दिल्लीत नोकरीत गेली. आता निवृत्त, विधुर. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. कस्तुरबा गांधी मार्गावर, नव्या महाराष्ट्र सदनाच्या फाटकापाशी भेटण्याचे ठरले होते. दिल्लीतील मराठी माणसाला खूण सांगायला ही जागा सोयीची. २०१३ साली ही वास्तू उभी राहण्यापूर्वी हीच खूण कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनाची असे.

हा रस्ता पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. इंडिया गेटकडून कॅनॉट प्लेसकडे तो सरळ जातो. वाटेत अमेरिकन सेंटर लागते. ब्रिटिश कौन्सिलची चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली इमारत लागते, जिच्या दर्शनी भिंतीवर काळ्या व पांढऱ्या दगडात एक मोठे झाड पसरलेले आहे. पुढे टॉलस्टॉय मार्ग त्याला छेदून जातो. पत्नीच्या नावाचा रस्ता आणि जिच्या पतीने टॉलस्टॉयला गुरुस्थानी मानले त्या टॉलस्टॉयच्या नावाचा रस्ता येथे एकमेकांस भेटतात. हे नामकरण ज्याने केले, त्याला थोडी काव्यदृष्टी असावी.

दादांनी मला या रस्त्यावर बोलावले ते एका मोटारगाडीसाठी. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तेथील एका बहुमजली इमारतीच्या आवारात ते आपली गाडी एका गिऱ्हाइकास दाखवणार होते.

ती गाडी म्हणजे १९६५ सालची फोर्ड मस्टँग. ज्यांना मोटारींचे वेड नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली. किंमत २,३६८ डॉलर. लांब नाक, आखूड शेपूट, जाळीत धावता घोडा. पहिल्याच दिवशी सुमारे २२,००० मागण्या नोंदल्या गेल्या आणि १९६६ च्या मार्चपर्यंत दहा लाख गाड्या तयार झाल्या. सामान्य पगारदार तरुणाला परवडेल अशी शर्यतीच्या घाटाची गाडी, हे तिचे रहस्य. जाणकार मंडळी तिला खरी स्पोर्ट्‌स कार मानावे की नाही यावर वाद घालतात. तो वाद त्यांच्यावरच सोडू.

अमेरिकन गाड्या आपल्याला नव्या नव्हत्या. १९२८ पासून जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना मुंबईत शिवडीला होता, आणि वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी केली. पण पुढे आयातीवर कडक बंधने आली. मस्टँग निघाली त्या काळात अशी गाडी भारतात दिसायची ती बहुधा एखाद्या दूतावासातील अधिकाऱ्याकडे. तो परत जाताना ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जाई. दादांची गाडी याच वाटेने आली. एका दिल्लीकराने ती घेतली, काही वर्षे मिरवली, मग सुटे भाग मिळेनात म्हणून झाडाखाली लावून ठेवली. १९८९ मध्ये दादांनी ती भंगाराच्या भावात उचलली तेव्हा तिच्या तळाचा पत्रा गंजून गेला होता आणि मागच्या आसनात मांजरीने पिले घातली होती.

त्यानंतर सुमारे वीस वर्षे दादांचे रविवार, रजा आणि बोनस त्या गाडीत गेले. काचेच्या खालच्या पोकळीत पाणी साठून तेथून गंज धरणे, हा या गाडीचा जन्मजात रोग. तो सारा भाग त्यांनी कापून नवा पत्रा जोडला. जाळीवरचा घोडा अमेरिकेतून कोणाकडून तरी मागवला. आणि मुख्य म्हणजे, तिचे मूळचे सहा सिलिंडरचे इंजिन निकामी होते, म्हणून एका अपघातग्रस्त अमेरिकन गाडीतले आठ सिलिंडरचे, ४.७ लिटरचे इंजिन तिच्यात बसवले. सहा सिलिंडरच्या मस्टँगची चाके चार नटांची असत, आठ सिलिंडरची पाच नटांची. तेव्हा चाकेही बदलली. इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात रीतसर झाली. पुढे जुने नोंदणीपुस्तक जाऊन छोटे कार्ड हाती आले आणि त्यावर तेवढेच उरले : सिलिंडर आठ. यात गैर काही नव्हते. मोडलेल्या वस्तूला हातांनी पुन्हा उभे करणे हे मी तरी पवित्र काम समजतो. बसालेलाला परमेश्वराने कारागिरीच्या कामासाठीच आत्म्याने भरले होते, हे आपण विसरू नये.

गैर एवढेच झाले. चालकाच्या दारावर कारखान्याची एक छोटी धातूची पट्टी रिबिटांनी ठोकलेली असते. तिच्यावर गाडीचा क्रमांक कोरलेला असतो, आणि त्या क्रमांकात पाचवे अक्षर इंजिनाची जात सांगते. दादांच्या गाडीचे अक्षर होते ‘टी’, म्हणजे सहा सिलिंडर. ती पट्टी गंजली होती. त्यांनी नवी करून घेतली आणि करून घेताना ‘टी’च्या जागी ‘ए’ कोरून घेतले, म्हणजे आठ सिलिंडरची जोरकस जात. तेव्हा विक्रीचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. “इंजिन आणि पट्टी जुळावी, एवढंच मनात होतं,” असे ते मला म्हणाले, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. असत्य पुष्कळदा नीटनेटकेपणाच्या आवडीतून घरात शिरते.

परंतु तोच क्रमांक गाडीच्या डाव्या मडगार्डाच्या आतील पत्र्यावरही ठोकलेला असतो. तेथे ‘टी’ तसाच होता. त्यावर रंगाचा जाड थर होता इतकेच.

आता दादांना गाडी विकायची होती, आणि त्याचे कारण ऐकून मी चालता चालता थांबलो. गाडीच्या खर्चाचा मोठा भाग कुठून आला होता, हे त्यांनी तेव्हा प्रथमच कोणाला सांगितले. त्यांचे वडील मृत्युपत्र न करता वारले. गावी तीन एकर जिराईत जमीन होती. वारस दोघे : दादा आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का परिचारिका, एका खेड्यातल्या दवाखान्यात तिने आयुष्य काढले. १९९६ साली दादा गावी गेले, आक्काकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली, तलाठ्याकडे फेरफार झाला, सातबाऱ्यावर एकच नाव राहिले. वर्षभरात जमीन विकली. आक्काने सही करताना काही विचारले नाही. “तिनं चहा केला होता,” दादा म्हणाले. “सही केली आणि म्हणाली, जेवूनच जा.”

सत्तरीच्या जवळ आल्यावर दादांना ते जेवण आठवू लागले. म्हणून गाडी विकून आक्काचा अर्धा वाटा, आजच्या भावाने, परत करावयाचा असा त्यांनी निश्चय केला. गिऱ्हाईक श्रीमंत होते, उत्साही होते. मूळचीच आठ सिलिंडरची समजून त्याने जो आकडा सांगितला होता, त्यात आक्काचा पूर्ण वाटा भागत होता. ती सहाची आठ केलेली आहे हे कळले, तर आठ लाख कमी होणार होते.

“पैसे माझ्या खिशात जायचे नाहीत,” दादा म्हणाले. “आणि गाडी आठ सिलिंडरची आहेच की. कागद तसंच सांगतो. त्यानं विचारलंच नाही, तर मी काय खोटं बोललो? तू शास्त्र शिकलेला माणूस. सांग.”

वाचकहो, मी धर्मशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास केलेला मनुष्य. मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, “दादा, आपण यावर प्रार्थना करू या.” प्रार्थना ही थोर गोष्ट आहे. पण त्या संध्याकाळी माझ्या तोंडी ती पळवाट होती. उत्तर मला ठाऊक होते. ते देण्याचे धैर्य नव्हते, कारण आक्काचा वाटा माझ्या उत्तराने कमी होणार होता आणि दादांचा चेहरा माझ्यासमोर होता.

खोलीवर आलो. सोमवारच्या कामासाठी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढून बसलो, आणि खोडीप्रमाणे क्रियापदे पाहू लागलो.

हा अध्याय आपण सर्वांनी शब्बाथ शाळेपासून ऐकला आहे. इज्रेलकर नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून आहे. राजाला तेथे भाजीपाल्याची बाग करायची आहे. येथे एक गोष्ट आपण प्रवचनांत सहसा वगळतो : अहाबाची मागणी अन्यायाची नाही. तो याहून चांगला मळा देऊ करतो, नाहीतर रोख मोल. बाजाराच्या दृष्टीने व्यवहार चोख आहे. नाबोथ नाही म्हणतो, कारण ती त्याच्या वाडवडिलांची वतनभूमी आहे. ती त्याच्या मते विकाऊ मालांत मोडतच नाही. मग राजा पलंगावर तोंड फिरवून पडतो आणि जेवत नाही. पुढे ईजबेलीचे पत्र, खोटे साक्षीदार, दगडमार, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता मूळ हिब्रू पाहा. मळ्याविषयी बोलताना अहाब, नाबोथ, ईजबेल, सारे जण ‘देणे’ हे क्रियापद वापरतात : पैशाच्या मोबदल्यात दे, देणार नाही, दिला नाही. ‘विकणे’ हा शब्द, जो अशा व्यवहाराला साजेसा, तो मळ्याच्या बाबतीत कोठेही येत नाही. संपूर्ण अध्यायात तो येतो केवळ विसाव्या आणि पंचविसाव्या वचनांत. आणि तेथे विकलेली वस्तू मळा नव्हे. एलीया अहाबाला सांगतो की, तू स्वतःला विकले आहेस. वाईट करण्यासाठी विकले आहेस.

मी दिवा न मालवता बराच वेळ बसलो. ज्याने विकण्यास नकार दिला तो मेला, आणि ज्याला विकत घ्यायचे होते त्याचाच सौदा होऊन गेला. नव्या करारात प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात स्वतःविषयी बोलताना बाजारातलेच क्रियापद वापरतो : तो पापाच्या ताब्यात विकला गेलेला आहे. ग्रीक रूप पूर्ण भूतकाळाचे आहे. सौदा झालेला आहे, मालक बदललेला आहे. हेच क्रियापद, त्याच काळात, मत्तयाच्या तेराव्या अध्यायात मोत्याच्या व्यापाऱ्याबद्दल येते. त्याने आपले सर्वस्व विकून टाकले. एकाने सर्व विकून मोती घेतले, दुसरा स्वतःच विकला गेला, आणि शब्द एकच.

मग मी मार्काच्या दहाव्या अध्यायाकडे वळलो. धनवान मनुष्य धावत येतो. प्रभू त्याला आज्ञा सांगतो : खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, आणि मग, आईबापांचा मान राखण्याच्या आधी, एक आज्ञा मध्येच घालतो जी दहा आज्ञांच्या यादीत त्या शब्दांत नाही, आणि जी मत्तय व लूक येथे देत नाहीत : कोणाला ठकवू नको. ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ फसवणे एवढाच नाही. दुसऱ्याचे जे देणे आहे ते रोखून धरणे, त्याचे हक्काचे त्याच्यापर्यंत पोहोचू न देणे, असा तो आहे. धनवान म्हणतो, हे सारे मी लहानपणापासून पाळले. कदाचित तो प्रामाणिकपणे असे मानत असेल. त्या काळी जमिनीचा मोठा धनी कोणाचेही न रोखता धनी झाला असेल काय, हे मार्क आपल्याला सांगत नाही. पण प्रभूने तो शब्द उगाच घातला नसावा. यानंतरच प्रभू त्याच्याकडे पाहतो, त्याच्यावर प्रीती करतो आणि म्हणतो, वीक. त्या माणसाचा चेहरा उतरतो. येथले क्रियापद मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात झाकोळलेल्या आभाळासाठी आले आहे.

वाचकहो, येथे मला दादांची गोष्ट थोडी बाजूला ठेवून तुमच्याशी बोलू द्या. गाडी दादांची आहे. हक्कसोडपत्र आपल्या पुष्कळांच्या घरी आहे. भारतीय वारसा कायदा १९२५ चा आहे. त्यानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. हिंदू कुटुंबांतील वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क २००५ मध्ये मिळाला. आपल्या मुलींचा समान वाटा त्याच्या ऐंशी वर्षे आधी कायद्यात लिहिलेला होता. आणि त्याहीपूर्वी, गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात, सलाफहादाच्या पाच कन्या मोशेपुढे उभ्या राहिल्या होत्या आणि परमेश्वराने त्यांची बाजू खरी ठरवली होती. शास्त्राने त्या पाचींची नावे जपून ठेवली आहेत : महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. असे असूनही आपल्या किती बहिणींनी चहा करून सही दिली? बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर कायद्याची हरकत नाही, हे खरे. पण ती खुशी आपण कधी विचारली होती काय? की माहेरचे दार उघडे राहावे म्हणून तिने दिलेले ते मोल होते? मंडळीच्या पंचकमिटीत बसणाऱ्या आम्हा पुरुषांना हा प्रश्न आवडत नाही. मलाही आवडत नाही. माझ्या घरातही एक सही आहे, आणि दिल्लीहून परतल्यावर मी त्याविषयी बहिणीला पत्र लिहिले. ते पत्र तीस वर्षे उशिरा गेले.

असो. गाडीच्या सौद्याकडे परत येऊ, कारण चांगल्या हेतूसाठी थोडे झाकून ठेवावे काय, हा प्रश्न अजून तसाच आहे.

लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात विकणारा आणि घेणारा, दोघांनाही एकच ताकीद आहे : एकमेकांवर अन्याय करू नका. तेथले क्रियापद निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात परदेशी मनुष्याला छळण्याबद्दल येते. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने वस्तूचा दोष लपवून विकणे हे निराधाराला छळण्याच्या जातीचे पाप आहे. यहूदी गुरूंनी या वचनाचा फार बारकाईने विचार केला. सुमारे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, बाबा मेत्सिया या भागाच्या चौथ्या अध्यायात, नियम असा आहे की, विकण्यासाठी माणसाला, जनावराला किंवा भांड्याला सजवून बदलू नये. पुढे तालमूदमध्ये खुलासा येतो की, नव्या वस्तूला रंग द्यावा, जुनीला नवी भासवण्यासाठी देऊ नये. त्याच ठिकाणी एका वृद्ध गुलामाची गोष्ट आहे. तो डोक्याला व दाढीला कलप लावून विकला गेला. धन्याने पाणी आणायला सांगितले तेव्हा त्याने डोके-दाढी धुतली आणि म्हणाला, पाहा, मी तुझ्या बापापेक्षा मोठा आहे. त्या काळच्या गुरूंना विनोदाचे वावडे नव्हते. आणि त्यांची नजर एकाच बाजूवर नव्हती. घेण्याची इच्छा नसताना उगाच किंमत विचारू नये, असेही त्याच अध्यायात आहे.

आता दादांच्या गिऱ्हाइकावर काय अन्याय होणार होता, तो पाहा. पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल गाडी राजधानी क्षेत्रात रस्त्यावर आणण्यास २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम केली होती. जुन्या अभिजात गाड्यांसाठी वाट निघाली ती जुलै २०२१ मध्ये : केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची वेगळी नोंदणी सुरू झाली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. विक्री झाल्यास दोन्ही पक्षांनी नव्वद दिवसांत कळवावयाचे. पण अट अशी की, वाहन मूळ रूपात असले पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. गिऱ्हाईक ही नोंदणी मिळवण्याच्या आशेवर गाडी घेत होते. दारावरच्या पट्टीवर विसंबून त्याने अर्जावर सही केली असती, आणि कोणी जाणत्या अधिकाऱ्याने रंग खरवडला असता, तर खोटे बोलणारा ठरला असता तो. आपले असत्य आपण दुसऱ्याच्या सहीने चालवतो, ते असे. कायद्याचे समाधान झाले होते, कागद आठ म्हणत होता. तरी शेजारी फसत होता.

आक्काचे देणे त्या पैशातून फिटले असते, हे खरे. पण अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात काही प्रकारची मिळकत नवस फेडण्यासाठी देवाच्या घरात आणू नये असे स्पष्ट सांगितले आहे. नवस खरा असतो, देव खरा असतो. तरी पैसा कुठून आला हे विचारले जाते.

आणखी एक गंमत सांगतो, जी मला दादांनीच त्या संध्याकाळी सांगितली होती आणि जिचा अर्थ बहुधा त्यांच्या ध्यानी आला नव्हता. सर्वांत मोलाने विकल्या गेलेल्या मस्टँगांपैकी एक गाडी १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटातली आहे. १९७४ मध्ये एका अमेरिकन गृहस्थाने ती ६,००० डॉलरला घेतली. त्याची पत्नी ती घेऊन शाळेत शिकवायला जाई. चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅक्वीन याने १९७७ मध्ये पत्र लिहून ती परत मागितली. गृहस्थाने दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिला ३४ लाख डॉलरची बोली आली. आणि ती चकचकीत केलेली नव्हती. पोचे, गंजाचे डाग, चित्रीकरणासाठी पाडलेली भोके, सारे जसेच्या तसे होते. जे झाकले नव्हते त्याचेच मोल झाले. आम्ही हस्तलिखिते पाहणारे लोक हे जाणतो. ज्या नकलकाराने अवघड शब्द सोपा करून टाकला, त्याची प्रत वाचायला सुरेख असते; पण आम्ही विश्वास ठेवतो तो ज्याने अवघड शब्द तसाच ठेवला त्याच्यावर.

रविवारी सकाळी उपासनेपूर्वी मी लवकर निघालो. दादांना भेटून, आदल्या संध्याकाळी जे बोललो नाही ते बोलायचे, असे ठरवले होते. कस्तुरबा गांधी मार्ग रिकामा होता. हिवाळ्यात याच बाजूच्या रस्त्यांवर जुन्या गाड्यांचा तांडा निघतो. स्टेट्समन वृत्तपत्राची ती मिरवणूक १९६४ साली, मस्टँगच्याच वर्षी, सुरू झाली. त्या दिवशी मात्र एकच गाडी होती, आणि तीही आपल्या चाकांवर आलेली नव्हती. दादांनी ती एका ट्रकवर चढवून आणली होती. लाल रंग सकाळच्या उन्हात असा उतरला होता की, मी क्षणभर आठ लाख विसरलो.

मला पोहोचायला उशीर झाला होता. गिऱ्हाईक आले होते आणि बॉनेट उघडे होते. दादा वाकून डाव्या मडगार्डाच्या आतल्या पत्र्यावर पॉलिश पेपर घासत होते. जाड लाल रंग निघत होता, खालून करडा, मग उघडे लोखंड. मग त्यांनी खिशातली बॅटरी लावली आणि गिऱ्हाइकाला हाताने जवळ बोलावले. पाचवे अक्षर त्यांनी बोटाने दाखवले. दारावरची पट्टी आपण करून घेतली हेही सांगितले. कोणी विचारले नव्हते.

माझ्या उपदेशाची त्यांना गरज पडली नाही. माझे क्रियापद माझ्यापाशीच राहिले. हे लिहिताना मला अजूनही थोडी लाज वाटते, आणि थोडा आनंदही.

गिऱ्हाईक रागावले नाही. त्याने पट्टी पाहिली, अक्षर पाहिले, फोनवर कोणाशी तरी बोलले, आणि विचार करून सांगतो म्हणून निघून गेले. गाडी पुन्हा ट्रकवर चढली. दादा उपासनेला आले नाहीत, गाडीबरोबर गेले. तीन आठवड्यांनी त्याच माणसाचा निरोप आला. रस्त्यावर चालवण्यासाठी नव्हे, आपल्या फार्महाउसवर ठेवण्यासाठी तो ती घेणार होता. किंमत त्याच्या पहिल्या आकड्याहून नऊ लाखांनी कमी. आठ नव्हे, नऊ. सौदा झाला. विक्रीच्या कागदावर दादांनी सहा सिलिंडरची मूळ गाडी, इंजिन बदललेले, असे स्वतःच्या हाताने लिहिले.

मे महिन्यात ते गावी गेले. आक्का निवृत्तीनंतर श्रीरामपूर तालुक्यात लेकीजवळ राहते. पुढचे मला दादांनी दूरध्वनीवर सांगितले. त्यांनी सारे तिच्यापुढे मांडले : जमीन, सही, गाडी, नऊ लाख. आक्काने ऐकून घेतले. रडली नाही, माफ केले असेही म्हणाली नाही. तिने धनादेशावरचा आकडा चष्मा लावून दोनदा वाचला. मग नातवाकडून वहीचा कागद आणवला आणि त्याला सांगून लिहून घेतले : इतके मिळाले, इतके बाकी. खाली तिने सही केली, दादांची सही घेतली, आणि कागदाची एक नक्कल दादांना दिली. नंतर म्हणाली, जेवूनच जा.

दादांच्या निवृत्तिवेतनातून दर महिन्याच्या पाच तारखेस काही रक्कम श्रीरामपूरला जाते. आक्का प्रत्येक वेळी पावती पाठवते.